सोसायटीतलं लॉन काढून कमी पाण्यावरची बाग कशी करायची

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या ज्या सोसायट्यांत बिल्डरनं लावून दिलेलं लॉन आहे आणि उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या सोसायटीच्या बाग समितीत मी हे काम पहिल्या सभेपासून पुढच्या दोन उन्हाळ्यांपर्यंत केलं. माहिती सगळीकडे विखुरलेली होती. कंत्राटदार एक सांगायचे, नर्सरीवाले दुसरंच, आणि सोसायटीच्या नियमांचं कुणीच बोलायचं नाही. तुमची ही धावपळ वाचावी म्हणून सगळं क्रमानं मांडते.

दोन गोष्टी आधीच सांगते. पहिली, सगळं गवत काढायचं नाही. ज्या गवतावर मुलं खेळतात, आजी-आजोबा संध्याकाळी बसतात, ते ठेवायचं. ज्यावर गवत कापणाऱ्याशिवाय कुणाचाच पाय पडत नाही, ते काढायचं. दुसरी गोष्ट म्हणजे वेळापत्रक. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने लॉन आपण घातलेल्या पाण्यावरच जगतं. नव्या झाडांना मात्र हेच चार महिने मूळ धरायला मिळतात, ते हुकले तर वर्ष गेलं. म्हणून दिवाळीनंतर मोजमाप, फेब्रुवारीपर्यंत सभेची मंजुरी, एप्रिल-मेमध्ये गवत काढणं आणि मृग-आर्द्राचा पाऊस जमिनीत मुरला की लागवड, हा क्रम मोडू नका.

१. लॉन मोजा, पाणी मोजा

टेप घेऊन लॉनचा प्रत्येक तुकडा मोजा आणि साध्या कागदावर नकाशा काढा. मग पाणी. बागेच्या लाइनवर वेगळा मीटर असेल तर काम सोपं आहे. नसेल तर माळीकाकांच्या पाइपखाली वीस लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते बघा. चाळीस सेकंदांत भरली तर मिनिटाला तीस लिटर. पाइप रोज तीन तास चालत असेल तर ५,४०० लिटर झाले.

हा आकडा गरजेशी ताडून बघा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवं राहायला लॉनला दिवसाला पाच मिलिमीटर तरी लागतात. पाच हजार चौरस फूट म्हणजे साधारण ४६५ चौरस मीटर, म्हणजे रोजचे २,३०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर चार दिवसांत संपला, आणि हा हिशोब एक थेंबही वाया न घालवता. पाइपनं पाणी मारताना निम्मं तरी फरशीवरून चेंबरकडे वाहताना दिसेल. संध्याकाळी एकदा शेजारी उभं राहून बघा.

टँकरची मागच्या बारा महिन्यांची बिलं, बागेच्या पंपाचं वीजबिल, गवत कापायचा खर्च आणि खत-औषधांची बिलं एकत्र करा. अमेरिकेत लास व्हेगासचं पाणी प्राधिकरण लॉन काढणाऱ्याला चौरस फुटामागे पैसे देतं. आपल्याला हा खर्च याच बिलांच्या बचतीतून भरून काढायचा आहे, म्हणून आकडे पक्के हवेत.

२. कोणतं गवत ठेवायचं ते ठरवा

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आणि रविवारी कोणत्या तुकड्यावर माणसं दिसतात ते नकाशावर खुणा करून ठेवा. गणपतीचा मांडव, भोंडला, कोजागिरी, मुलांचं क्रिकेट, योगासनांचा वर्ग, हे सगळं कुठे होतं तेही लिहा. बहुतेक आवारांत असं दिसतं की एक-दोन तुकडे भरपूर वापरात आहेत आणि इमारतीच्या कडेच्या पट्ट्या, रॅम्पच्या बाजूचे त्रिकोण, गेटजवळचा उंचवटा हे नुसते बघायचे आहेत. काम या पट्ट्यांपासून सुरू करा. उंचवट्यांवर पाणी थांबतच नाही, त्यामुळे सर्वांत जास्त नासाडी तिथेच होते.

वापरातल्या तुकड्यावरही मेक्सिकन किंवा कार्पेट लॉनचा हट्ट नको. आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वा, उन्हाळ्यात पिवळी पडते, पण मरत नाही. दोन पावसांत पुन्हा हिरवी होते आणि मुलांचे पायही सोसते. मे महिन्यात ती पिवळी दिसणार, हे मात्र सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

३. जागा पोडियमवर आहे की जमिनीवर?

हा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत आणि नंतर पार्किंगमध्ये पाणी ठिबकायला लागतं. लॉनखाली पार्किंग असेल तर ते पोडियम. तिथे मातीचा थर मर्यादित असतो आणि त्याखाली वॉटरप्रूफिंग असतं. तिथे पहार अजिबात वापरायची नाही. एक घाव वॉटरप्रूफिंगचा पडदा फोडायला पुरेसा असतो. वाढीव माती टाकायची झाली तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या. एक फूट जाडीची ओली माती दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर भार टाकते. पोडियमवर झुडपं, वेली आणि गवतंच लावा, मोठी झाडं नकोत. वड, पिंपळ, उंबर यांचं आपोआप उगवलेलं रोप दिसलं की लहानपणीच काढून जमिनीत हलवा. गवत काढल्यावर माती उघडी असेल तेव्हाच पाणी जाण्याच्या जाळ्या साफ करून घ्या. पुन्हा अशी संधी मिळत नाही.

जमीन असेल तर फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा घेऊन पाण्यानं भरा, ते मुरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी काही तासांत मुरलं तर निचरा चांगला. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर खाली काळी चिकण माती किंवा बांधकामाचा दाबलेला राडारोडा आहे. पुण्याच्या कडेच्या नव्या इमारतींत चार इंच लाल माती आणि खाली विटा-सिमेंटचे तुकडे हे हमखास सापडतं.

४. कागदपत्रं गोळा करा

- मंजूर नकाशा. त्यात खुली जागा म्हणून दाखवलेल्या भागात पार्किंग किंवा बांधकाम करता येत नाही. अग्निशमन गाडीचा मार्गही यातच दिसतो. त्यावर झुडपं लावायची नाहीत.
- ड्रेनेज, वीज, पाणी, गॅस आणि फायर हायड्रंटच्या लाइन कुठून जातात ते दाखवणारे बिल्डरकडचे आराखडे.
- पोडियम असेल तर वॉटरप्रूफिंगचं हमीपत्र. खोदकामामुळे हमी रद्द होते का, ते वाचून घ्या.
- आवारातल्या झाडांची यादी, फोटोसह.
- माळीकामाच्या एजन्सीशी केलेला करार.
- पाणी, टँकर, वीज आणि बागेच्या खर्चाची बिलं.
- किमान तीन कोटेशन.
- सभेची नोटीस, विषयपत्रिका, ठराव आणि इतिवृत्त.

नव्या आराखड्यात एखादं झाड आड येत असेल तर आराखडा बदला. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे महापालिका हद्दीत परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे. झाड सोसायटीच्या मालकीच्या जागेत असलं तरी हा कायदा लागू होतो.

५. सभा: सगळ्यात जास्त तयारी इथे करा

सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सप्टेंबरच्या सभेत तत्त्वतः मंजुरी घ्या आणि कोटेशन हाती आल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत विशेष सर्वसाधारण सभा बोलावून खर्च मंजूर करा, हा सर्वांत सरळ मार्ग. खर्च समितीच्या अधिकारातल्या मर्यादेबाहेर असेल तर ठरावाशिवाय एक रोपही आणू नका. पुढे एका सदस्यानं तक्रार केली तरी सगळं काम अडकतं. सिंकिंग फंडाला या कामासाठी हात लावायचा नाही. तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी असतो. तुमची सोसायटी नसून अपार्टमेंट असेल तर आधी घोषणापत्र बघा. सामाईक जागेचे नियम तिथे असतात.

सभेत जे आक्षेप येतात ते जवळजवळ ठरलेले असतात. त्यांना उडवून लावू नका, प्रत्येकामागे खरी काळजी असते.

*"साप येतील."* लहान मुलांच्या आया हे बोलतात आणि त्यांचं ऐकायलाच हवं. साप उंदरांच्या मागे येतात आणि अडगळीत लपतात. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दोन फूट पट्टी मोकळी, बुटक्या रोपांची ठेवा. इमारतीच्या भिंतीला लागून दाट झुडूप लावू नका. विटा-फरशांचे ढीग हलवा आणि ओला कचरा उघडा ठेवू नका. हे सगळं आराखड्यातच दाखवलं तर आक्षेप बराच निवळतो.

*"डास वाढतील."* डास साचलेल्या पाण्यात वाढतात. रोज पाणी मारलेल्या लॉनच्या चेंबरमध्ये आणि कुंड्यांखालच्या थाळ्यांत ते जास्त असतात.

*"उजाड दिसेल, फ्लॅटची किंमत पडेल."* पहिले काही महिने खरंच उजाड दिसतं, ते लपवू नका. आधी एकच पट्टी करून दाखवायचा प्रस्ताव मांडा. गेटजवळची, येता-जाता दिसणारी पट्टी निवडा. वर्षभरात लोक स्वतःहून विचारतात की आमच्या विंगसमोर कधी करणार.

*"आपल्याकडे एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं) पाणी फुकट आहे, मग कशाला?"* हा सर्वांत जड आक्षेप आहे. उत्तर असं की तेच पाणी फ्लशला वापरलं तर तेवढं गोडं पाणी वाचतं. एसटीपी चालवायला वीज आणि माणूसही लागतोच, म्हणजे ते फुकट नाही.

*"मग पेव्हर ब्लॉक घाला, नाहीतर कृत्रिम गवत टाका."* याला मी ठाम विरोध करते. ब्लॉक घातले की पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं थांबतं आणि बोअरला मिळणारं पाणी तेवढं घटतं. कृत्रिम गवत मे महिन्यात दुपारी इतकं तापतं की अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि त्याखालची माती मरते.

आकडे एकाच कागदावर, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत वाटा. सभेत शहराच्या पाण्याचंही बोला. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं आणि त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर घ्यायला सांगितले. मैदानातल्या गवताच्या पाण्यावरूनच ते प्रकरण न्यायालयात गेलं होतं. ज्येष्ठ सदस्यांना हे सगळं आठवतं.

६. कोटेशन कसं मागायचं

"लँडस्केपिंग, एकरकमी" असं लिहिलेलं कोटेशन घेऊ नका. गवत काढणं आणि ते बाहेर नेणं, माती, शेणखत, रोपं, ठिबक, आच्छादन आणि पहिल्या वर्षाची देखभाल, प्रत्येकाचा दर वेगळा मागा. रोपाच्या नावासमोर पिशवीचा आकार आणि रोपाची उंची लिहून घ्या, नाहीतर दीड फुटाच्या दरात वीतभर रोपं येतात. करारात दोन अटी घालाच. मेलेलं रोप पुढच्या जूनपर्यंत विनामूल्य बदलून द्यायचं आणि दहा टक्के रक्कम तोपर्यंत रोखून ठेवायची.

यादीत कोनोकार्पस असेल तर तो काढून टाका. झटपट हिरवी भिंत उभी राहते म्हणून तो सुचवला जातो, पण गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे आणि त्याची मुळं पाइपलाइन व ड्रेनेजमध्ये घुसतात.

७. गवत काढणं (एप्रिल-मे)

या कामाचं यश-अपयश इथेच ठरतं, म्हणून इथे घाई नको.

खोदाईच्या आधी वीजतंत्री सोबत घेऊन बागेतल्या दिव्यांच्या केबल, पाइप आणि चेंबर चुन्यानं आखून घ्या. मग लॉनचं पाणी पंधरा दिवस बंद करा. मेक्सिकन लॉन तीन-चार इंच मातीसकट कुदळीनं सोलून निघतं. ते फेकू नका. मुळं वर करून कोपऱ्यात रचा, वर पालापाचोळा टाका, पावसाळ्यानंतर चांगली माती मिळते. आधी त्यात लव्हाळा नाही ना, तेवढं बघा.

कारण लव्हाळा वेगळं प्रकरण आहे. त्याची पात उपटली की वरचा भाग हातात येतो आणि काळी, मण्याएवढी गाठ खाली राहते. हळूच खणून बघा. त्या गाठीतून दोऱ्यासारखं मूळ निघून पुढच्या गाठीला जोडलेलं दिसेल, तिच्यापासून आणखी पुढच्या. एक गाठ राहिली तरी पावसात पुन्हा झुपका येतो. म्हणून लव्हाळ्याच्या जागी फावड्यानं उकरून माती रेती चाळायच्या चाळणीतून काढावी लागते. हरळीचंही असंच. तिच्या कांड्यांचे तुकडे राहिले की प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. रोटाव्हेटर फिरवायला लावू नका. तो या कांड्यांचे बारीक तुकडे करून सगळीकडे पसरवतो.

जागा मोठी असेल आणि कामगार कमी, तर ऊन वापरा. जमीन ओली करून पारदर्शक प्लास्टिक ताणून पसरा, कडा मातीनं दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. पुण्याचं एप्रिल-मेचं ऊन साधं गवत आणि तणाचं बरंचसं बी मारायला पुरतं, लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र वाचतात. तिसरा मार्ग पुठ्ठ्यांचा. ऑनलाइन खरेदीची खोकी प्रत्येक घरात असतात. त्यांच्या चिकटपट्ट्या काढा, गवत अगदी खालून कापा, पुठ्ठे अर्धा फूट एकमेकांवर चढवून पसरा, भिजवा आणि वर चार इंच खतमाती टाका. पोडियमसाठी हा मार्ग सर्वांत सुरक्षित, पण वाढणाऱ्या भाराचं इंजिनिअरला आधी विचारून घ्या.

तणनाशक मारून मोकळं होऊ, असं कुणीतरी सुचवतं. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घातले. मुलं, कुत्री, मांजरं फिरतात त्या आवारात ते नकोच.

८. माती आणि उतार

गवत निघाल्यावर सरळ सपाट करू नका. पाणी थांबेल अशा उथळ घळी ठेवा, साधारण अर्धा फूट खोल, इमारतीपासून उतार बाहेरच्या बाजूला. गच्चीच्या पागोळीचा एखादा पाइप अशा घळीत सोडता आला तर उत्तम. पायाजवळ पाणी साठू द्यायचं नाही आणि घळीतलं पाणी दुसऱ्या दिवशी मुरलेलं दिसलं पाहिजे.

देशी झुडपांना फार सुपीक माती लागत नाही. असलेल्या मातीत शेणखत किंवा सोसायटीचं गांडूळखत मिसळा, काळी चिकण माती असेल तर थोडा मुरूमही. गांडूळखत प्रकल्प, पर्जन्यजल संधारण आणि सौरऊर्जा यांवर पुणे महापालिका मालमत्ता करात सवलत देते, तिचा अर्ज याच निमित्तानं करून टाका.

९. काय लावायचं

कुंपणाच्या कडेला, भर उन्हात: करवंद, निर्गुडी, धायटी. करवंदाचे काटे कुंपणाचं काम करतात. धायटीला उन्हाळ्याच्या तोंडावर लाल फुलं येतात आणि शिंजीर पक्षी दिवसभर तिच्यावर असतात. लॉनवर असं काही कधीच दिसत नव्हतं. आमच्याकडे तर ज्यांनी सभेत विरोध केला होता, तेच काका सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभे असतात.

दर्शनी भागात: तगर, कोरांटी, शंकासूर. बोगनवेल पायवाटेपासून लांब. घळींच्या कडेला वाळा आणि गवती चहा, दोन्ही माती धरून ठेवतात. अर्धवट सावलीत अडुळसा आणि अबोली. जमिनीलगत हिरवाई हवी असेल तर जलपिंपळी चांगली पसरते आणि थोडंफार चालणं सोसते. उन्हातल्या छोट्या जागांसाठी सदाफुली आणि ऑफिस टाइम. खाली पार्किंग नसलेल्या जागी बहावा, आपटा, कांचन, पारिजातक. जास्वंद आणि कर्दळ हवीच असेल तर आरओचं सोडलेलं पाणी किंवा एसीचं पाणी जिथे येतं तिथे लावा. त्यांना तहान जास्त.

काय टाळायचं तेही सांगते. कण्हेर विषारी आहे, मुलांच्या खेळाच्या जागेजवळ नको. घाणेरी आणि वेडेलिया पसरत जाऊन बाकीचं सगळं झाकून टाकतात. सप्तपर्णी खिडक्यांजवळ नको. ऑक्टोबरनंतर तिच्या फुलांच्या उग्र वासानं कित्येकांचं डोकं उठतं.

सगळी रोपं एकाच प्रकारची घेऊ नका. पाच हजार चौरस फुटांना चार-चार फुटांवर साधारण तीनशे झुडपं लागतात. ती सात-आठ जातींत वाटा. उरुळी कांचनच्या परिसरात नर्सऱ्या पुष्कळ आहेत, पण देशी झुडपं नेहमी तयार नसतात. मार्चमध्येच मागणी नोंदवा. वन विभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांतही चौकशी करा. रोप घेताना दोन-चार पिशव्या फाडून बघा. मुळं पिशवीतच गोल गोल गुंडाळली असतील तर तो सगळा लॉट परत पाठवा. अशी रोपं वर्षभर जगतात आणि पुढे वाढतच नाहीत.

१०. लागवड आणि आच्छादन

पहिल्या वळवाला भुलू नका. बोटांनी उकरल्यावर माती हातभर खाली ओली लागली की लागवड सुरू करा. पुण्यात साधारण जूनचा शेवट किंवा जुलै. खड्डा पिशवीच्या दुप्पट रुंद, खोली पिशवीइतकीच. रोपाचा गळा मातीत गाडायचा नाही. अशा कामाला रविवारी सकाळी घरोघरची मुलं बोलवा. स्वतः लावलेलं रोप मुलं चेंडूपासून वाचवतात.

मग लगेच आच्छादन. उघडी माती राहिली की त्यावर गाजर गवत येतं. ते अंगाला लागलं तर खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो. उसाचं पाचट, आवारातला पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या, जे मिळेल त्याचा तीन इंच थर द्या. पाचट गळीत हंगामात मिळतं, म्हणून आधीच आणून कोरडं साठवा. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा आणि वाळवी लागू नये म्हणून भिंतीपासून दोन फूट अंतर सोडा. आवारातला पाला यापुढे पालिकेच्या गाडीत द्यायचा नाही, जाळायचा तर नाहीच. सगळा इथेच लागतो.

११. ठिबक

सोळा मिलिमीटरची नळी आणि ताशी चार लिटरचे ड्रिपर, प्रत्येक झुडपाला दोन. एका तासात झुडपामागे आठ लिटर, तीनशे झुडपांना २,४०० लिटर. हे दर चौथ्या दिवशी दिलं तर रोजचे सहाशे लिटर पडतात. पहिल्या पायरीतल्या लॉनच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवून बघा. एसटीपीचं पाणी वापरत असाल तर डिस्क फिल्टर लावाच आणि दर आठवड्याला तो उघडून धुवा, नाहीतर महिन्याभरात ड्रिपर बंद पडतात. हे पाणी कारंज्यानं हवेत उडवू नका. नळी आच्छादनाखाली ठेवा, पण जिथे ठेवली तो नकाशा ऑफिसात लावा. कुदळीनं तुटलेल्या नळ्या हीच या बागेची सर्वांत नेहमीची दुरुस्ती असते.

१२. माळीकाकांशी आधी बोला

लॉन काढायचं ऐकल्यावर माळीकाकांना पहिली भीती नोकरीची वाटते. त्यांना सभेच्या आधी सांगा की काम राहणार आहे, फक्त बदलणार आहे. पाइप धरण्यातले तास छाटणी, खत, तण आणि ठिबकच्या देखभालीत जाणार. एजन्सीच्या करारातही तसं लिहून घ्या, नाहीतर एजन्सी माणूस कमी करून पैसे तेवढेच घेते. बऱ्याच माळ्यांचं मूळ घर गावाकडे शेतीचं असतं. धायटी, निर्गुडी, करवंद ते आपल्यापेक्षा चांगली ओळखतात. आराखडा करताना त्यांना बरोबर बसवा.

दोन सवयी मात्र बदलाव्या लागतात. रोज पाणी मारणं आणि प्रत्येक झुडूप चौकोनी कापणं. पाणी द्यायच्या दिवसांचा तक्ता मोठ्या अक्षरांत पंपरूमच्या दारावर लावा. छाटणी फुलं येऊन गेल्यावरच करायची.

१३. पहिले दोन उन्हाळे

देशी झाडांना पाणी लागत नाही, ही समजूत सर्वांत जास्त रोपं मारते. मूळ खोल जाईपर्यंत पाणी द्यावंच लागतं. पावसात आठ-दहा दिवसांची उघडीप पडली तर द्या. ऑक्टोबर हीटमध्ये आठवड्यातून दोनदा, थंडीत एकदा, पहिल्या उन्हाळ्यात दर चौथ्या दिवशी, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा. त्यानंतर बहुतेक झुडपं महिन्यातून एक-दोन पाण्यांवर राहतात. म्हणून टँकरची पूर्ण बचत पहिल्याच वर्षी दाखवायचं वचन सभेत देऊ नका. पहिल्या वर्षी बिल उतरतं, खरा फरक दुसऱ्या उन्हाळ्यानंतर कळतो.

दर महिन्याच्या एक तारखेला बागेच्या मीटरचं रीडिंग आणि त्याच जागेवरून एक फोटो घ्या. मेमध्ये सगळी रोपं मोजा आणि मेलेल्यांची यादी कंत्राटदाराला लेखी द्या. जूनमध्ये बदललेली रोपं लागली की मगच रोखलेले दहा टक्के सोडा. जी जात एका जागी दोनदा मेली ती तिथे तिसऱ्यांदा लावू नका, शेजारी जी तग धरून आहे तिचीच रोपं वाढवा. निर्गुडी आणि अडुळसा तर फांदीपासून लागतात. पुढच्या पट्टीसाठी नर्सरीचा खर्च त्यामुळे बराच कमी होतो.